कोऱ्या तुकड्यातले बुडबुडे

सव्वीस वर्षं मी धातू घासत होतो. नोकरीच्या कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव बरंच लांबलचक होतं, पण काम एवढंच. कोणीतरी धातूचा तुकडा आणून द्यायचं. तो मी कापायचो, घासायचो, आरशासारखा चकचकीत करायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगा झाला की साहेब लोकांच्या हातात द्यायचो. नाशकातल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची खाजगी प्रयोगशाळा होती. तिचं नाव मी लिहीत नाही. तिथली बहुतेक माणसं सरळ काम करणारी होती, आणि पुढं जे सांगणार आहे त्यातला खोटेपणा माझा आहे.

आमच्याकडं बहुतेक गिऱ्हाईक कारखान्यांचं. तुटलेला शाफ्ट, तडकलेला बोल्ट, भोकं पडलेला पाइप. का तुटलं, चूक कोणाची, एवढंच त्यांना हवं असायचं. कधीतरी एखादा वेगळा माणूस यायचा. एकदा भद्रकालीतले एक म्हातारे तांबट आले. पिशवीतून तांब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"हा जुना माल, हा नवा," ते म्हणाले. "दोन्ही लालभडक तापवले. जुन्यावरची काळी साल पाण्यात घातली की झडून जाते. नव्याची चिकटून बसते, ठोकताना पत्र्यात रुतते. यात काय घातलंय ते मला सांगा."

नव्या पत्र्यात भलतंच काही मिसळलेलं होतं, ते निघालं. पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. मी दोन्ही तुकडे उभे कापून, घासून त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. खाली तांबं, वर काळी साल, आणि दोन्हींच्या मधे एक बारीक रेघ. जुन्या तुकड्यात त्या रेघेवर पोकळ्या होत्या, नव्यात जवळजवळ नव्हत्या. आजोबा बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "पन्नास वर्षं तांबं ठोकलं, पण ही रेघ आज बघितली."

माझं सगळं काम त्या रेघेवरच चालायचं. धातूला हवेत नुसतं राहता येत नाही. त्याच्यावर हवेतल्या प्राणवायूची साल चढतेच. ती घट्ट बसली तर आतला धातू टिकतो, सुटली तर धातू पुन्हा उघडा पडतो. म्हणून धातू कसा आहे, साल कशी आहे, याच्याइतकंच ती दोघं एकमेकांना कुठं आणि कशी धरून आहेत याला महत्त्व.

तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडं या रेघेचंच एक मोठं काम आलं. अणुभट्टीत वापरायच्या पोलादाचं. भट्टीत धातूवर किरणोत्साराचा मारा होत राहतो. त्यानं आतले अणू जागचे हलतात, रिकाम्या जागा तयार होतात. शिवाय धातूच्या पोटातच थोडा थोडा हेलियम वायू तयार होतो. हा वायू कोणाशी जुळवून घेत नाही. तो रिकाम्या जागांमधून भटकत राहतो आणि कुठं सांधा दिसला की तिथं गोळा होतो. धातू आणि साल यांच्यामधला सांधा, म्हणजे तीच रेघ, त्याला फार आवडते असा आमच्या सरांचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, अंदाज होता. तिथं त्याचे बुडबुडे झाले की साल आतून उचलली जाणार. भट्टीत हे व्हायला वर्षं लागतात. तेवढं थांबायचं कोणी? म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका यंत्रावर पोलादाच्या तुकड्यांमध्ये हेलियम वेगानं मारून घुसवायचा, आणि वर्षांचं काम काही तासांत उरकायचं. मारलेले तुकडे नाशकात आमच्याकडं यायचे.

आमच्या कॉलनीतल्या केशकर्तनालयात ही बातमी पोचल्यावर न्हाव्यानं मला टॉवेल घरून आणायला सांगितलं होतं. हेलियम मारलेल्या त्या तुकड्यांतून काही बाहेर येत नाही, हे मी त्याला तीनदा समजावलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे खरंच असेल, पण गिऱ्हाईक घाबरतं." मी टॉवेल न्यायला लागलो.

या कामावर वैशाली पगारे नावाची संशोधक नेमली होती. वय एकतीस-बत्तीस. नाशिकरोडला राहायची, वडील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. कंत्राटावर होती. या कामातून तिला डॉक्टरेटला प्रवेश मिळायचा होता, तसं आमच्या सरांनी तिला सांगितलं होतं. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला निकम काका. इतर संशोधक तुकडा टेबलावर ठेवून जायचे आणि तयार झाला की न्यायला यायचे. ही शेजारी उभी राहून बघायची. कुठला कागद, किती वेळ, पाणी किती, सगळं विचारायची. एकदा तर हातमोजे घालून स्वतः घासायला बसली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याइतका सपाट तुकडा करून दाखवला. मला बरंही वाटलं आणि थोडं खटकलंही.

आता कोऱ्या तुकड्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच घडलं. हेलियम मारलेल्या तुकड्याबरोबर एक कोरा तुकडा ठेवतात. तेच पोलाद, तशीच साल, फक्त हेलियम मारलेला नाही. दोन्ही अगदी एकसारखे तयार करायचे आणि शेजारी ठेवून बघायचे. मारलेल्यात बुडबुडे दिसले आणि कोऱ्यात नाही, तरच ते हेलियमचे. कोरा तुकडा नसला तर तुम्ही काहीही बघून काहीही म्हणू शकता.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी तुकडा इतका पातळ करावा लागतो की केसाची जाडीसुद्धा त्याच्यापुढं भिंतीसारखी वाटावी. तेवढं घासून होत नाही. शेवटी आर्गॉन वायूचा झोत तिरका मारून त्याला खरवडत न्यायचं. म्हणजे बघा, एका वायूचा परिणाम तपासायला आम्ही त्यावर दुसरा वायू मारत होतो. यात एक धोका असतो. झोत जोरात असला आणि तुकडा तापला तर तो आर्गॉनच धातूत घुसतो आणि सांध्यात बुडबुडे करून बसतो. म्हणून झोत मंद ठेवायचा आणि तुकड्याची बैठक द्रव नायट्रोजननं थंड करायची. त्या यंत्रावर माझ्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: 'नायट्रोजनशिवाय यंत्र चालू करू नये.' खाली माझी सही.

तो शुक्रवार होता. मारलेला तुकडा मी आदल्या दिवशीच तयार करून दिला होता, नियमाप्रमाणे, सावकाश. कोरा राहिला होता. सोमवारी काम देणाऱ्या संस्थेची माणसं निकाल बघायला येणार होती. सकाळी बघतो तर नायट्रोजनचा कॅन रिकामा. आमचा पुरवठादार गुरांच्या दवाखान्यांनाही नायट्रोजन द्यायचा, वीर्यमात्रा गोठवून ठेवायला. फोन केला तर म्हणाला, गाडी तिकडं गेलीय, आता मंगळवारी.

सरांना जाऊन एवढंच सांगायचं होतं, की कोरा तुकडा बुधवारी मिळेल. ते चिडले असते, पाहुण्यांची तारीख बदलली असती, संपलं असतं. पण सव्वीस वर्षांतली तेव्हा चौदा झाली होती आणि त्या चौदा वर्षांत मी एकदाही 'उशीर होईल' म्हटलं नव्हतं. 'निकमांनी सांगितलं म्हणजे झालं', असं सर पाहुण्यांसमोर म्हणायचे, ते मला फार आवडायचं. शिवाय शनिवारी चांदवडला पुतणीचा साखरपुडा होता. मला संध्याकाळची गाडी धरायची होती.

मी यंत्र नायट्रोजनशिवाय चालू केलं. वेळ वाचावा म्हणून झोतही जोरात ठेवला. दुपारी चारला तुकडा तयार. नोंदवहीत रकाना असतो, 'बैठक थंड ठेवली का'. त्यात मी 'होय' लिहिलं. रोज लिहायचो तसंच लिहिलं आणि बसस्टँडवर गेलो.

सोमवारी पाहुणे यायच्या आधी वैशालीनं दोन्ही तुकडे बघितले. मारलेल्यात बुडबुडे होते, अगदी सांध्यावर ओळीनं बसलेले. सरांचा अंदाज खरा ठरत होता. मग तिनं कोरा लावला. त्यातही बुडबुडे.

ती माझ्या खोलीत आली. "काका, कोऱ्याला बैठक थंड ठेवली होती ना?"

"हो."

"झोत?"

"नेहमीचा. वहीत आहे सगळं."

तिनं वही उघडून बघितली. मग यंत्राशेजारी जरा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

पाहुण्यांसमोर सरांना फार वाईट बोलणी ऐकावी लागली. कोऱ्यात बुडबुडे म्हणजे सगळ्याच निकालावर प्रश्न. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "तुमच्याकडं तुकड्यांना खुणा तरी करतात का?" तो शब्द सरांच्या मनात बसला. खुणा करायचं, डबीत ठेवायचं काम वैशालीचं होतं. मारलेल्याच पट्टीतून दोन तुकडे कापले गेले असतील आणि एकावर तिनं चुकून 'कोरा' लिहिलं असेल, असं त्यांनी ठरवलं. तिनं ठामपणे नाही म्हटलं. "सर, कोऱ्यातले बुडबुडे पातळ कडेलाच जास्त आहेत. हेलियमचे असते तर ठरावीक खोलीवर दिसले असते. हा आर्गॉन असेल. क्ष-किरणांच्या तपासणीत आर्गॉन दिसेल, हेलियम दिसणार नाही. एकदा बाहेर पाठवून बघू या."

आमच्या सूक्ष्मदर्शकाला ती तपासणी करणारा भाग होता, पण तो तेव्हा बिघडलेला. सर म्हणाले, "म्हणजे निकमांनी चूक केली म्हणता? वही बघितलीत?"

"बघितली," ती म्हणाली.

मी तिथंच होतो. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सर, हवं तर दुसरा कोरा तुकडा करून देतो."

मंगळवारी नायट्रोजन आला. मी दुसरा कोरा तुकडा करायला घेतला. बैठक पूर्ण गार केली. झोत इतका मंद ठेवला की दोन दिवस लागले. दर तासाला उठून बघत होतो. सव्वीस वर्षांत इतकं देखणं काम माझ्या हातून झालेलं नाही. सांधा सरळ, स्वच्छ, एक बुडबुडा नाही. आणि तो करत असताना मला पक्कं माहीत होतं की हा तुकडा जितका स्वच्छ निघेल तितका मी सुटणार आणि ती अडकणार. तसंच झालं. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि म्हणाले, "खरा कोरा असा दिसतो. पहिला अदलाबदलीचाच होता." अहवालात वाक्य आलं, की पहिला कोरा नमुना हाताळणीतील चुकीमुळे बदलला गेला होता. अहवालावरून वैशालीचं नाव काढलं.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर एकानं तिच्या आडनावावरून एक वाक्य टाकलं. ते मी इथं लिहीत नाही. दोघंजण हसले. मी डब्यातली भाजी संपवली आणि हात धुवायला उठलो.

मार्चमध्ये तिचं कंत्राट संपलं, पुढं वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी ती सगळ्यांना भेटली. माझ्या खोलीत आली तेव्हा मी एकटाच होतो. स्टुलावर बसली. चार-पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मला ते बसणं सहन होईना. मी विचारलं, "चहा सांगू का, मॅडम?"

"नको," ती म्हणाली आणि उठून गेली.

मनात एक पळवाट मी तेव्हाही ठेवली होती. कदाचित तिची खरंच चूक झाली असेल. नायट्रोजन नव्हता हे खरं, पण म्हणून बुडबुडे त्यामुळंच आले असं थोडंच आहे? वर्षभरानं क्ष-किरणांचा तो भाग दुरुस्त झाला. एका शनिवारी दुपारी, सगळे अर्ध्या दिवसानं गेल्यावर, तपासणी बरोबर चालते का बघतो असं सांगून मी थांबलो. जुना कोरा तुकडा डबीतून काढला आणि लावला. पडद्यावर लोखंडाचे उंच सुळके आले, क्रोमियमचा आला, प्राणवायूचा आला. आणि त्यांच्यामधे, लहानसा पण अगदी स्पष्ट, आर्गॉनचा.

ती म्हणाली होती तसाच.

मी यंत्र बंद केलं. तुकडा डबीत ठेवला. तो निकाल साठवला नाही. यापुढं मला पळवाटसुद्धा उरली नव्हती, आणि तरी सोमवारी मी कामावर जाऊन कोणाला काही सांगितलं नाही. नंतरची अकरा वर्षं सांगितलं नाही. मधे माझा सत्कार झाला. सरांनी भाषणात त्या दुसऱ्या कोऱ्या तुकड्याचा उल्लेख केला. नव्या पोरांना मी यंत्रावरचा कागद वाचून दाखवायचो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. वैशाली हरसूलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, असं एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं होतं. त्र्यंबकच्या पुढं एसटीनं घाट चढून गेलो. आठवडे बाजाराचा दिवस होता, गाडीत टोपल्या आणि कोंबड्या. ती प्रयोगशाळेत काचेचं सामान पुसून ठेवत होती. केस पांढरे झालेत. मला तिनं लगेच ओळखलं.

"बसा, काका."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कॅन रिकामा होता इथपासून, आर्गॉनच्या सुळक्यापर्यंत. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"त्या सोमवारी वही बघितली, मग तुमच्या यंत्राजवळचा कॅन उचलून बघितला. रिकामा होता. पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, शुक्रवारी सकाळीच तुमचा फोन आला होता, कॅन संपला म्हणून."

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलंत?"

"कंत्राटावरच्या पोरीनं चौदा वर्षं तिथं काढलेल्या माणसाला खोटं ठरवायचं? कॅन नंतर रिकामा झाला असं तुम्ही म्हणाला असतात, पुरवठादार गिऱ्हाईक सोडून माझी बाजू घेणार नव्हता. आणि खरं सांगू का, मला वाटत होतं की तुम्ही सांगाल. मीटिंगमध्ये नाही तर नंतर. शेवटच्या दिवशी मी त्याच्यासाठीच बसले होते. तुम्ही चहा विचारलात."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. मी विचारलं, "डॉक्टरेटचं काय झालं?"

"दोन ठिकाणी मुलाखत झाली. दोन्हीकडून आपल्या प्रयोगशाळेला फोन गेला. मग घरची माणसं म्हणाली, पुरे. इथं बरं आहे माझं. पोरं हुशार आहेत. पण मला ते काम येत होतं, काका."

"येत होतं," मी म्हणालो.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "निवृत्त झाल्यावर आलात. मी राग म्हणून बोलत नाही, पण तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगते. आता तुमचं काही जाणार नाही."

ते खरं होतं. बाराही वर्षांत सांगण्याची किंमत रोज थोडी थोडी कमी होत गेली होती, आणि ती शून्यावर आल्यावर मी एसटीत बसलो होतो.

"मी काय करू?" मी विचारलं.

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना लिहून द्या."

परत आल्यावर मी प्रयोगशाळेला चार पानी पत्र लिहिलं. तारीखवार, वहीच्या पान क्रमांकासकट, सही करून. महिन्यानं उत्तर आलं. जुने सर आता हयात नाहीत, त्या कामाची कागदपत्रं आणि नमुने मुदतीनंतर काढून टाकलेत, त्यामुळं अहवालात दुरुस्ती करणं शक्य नाही, माझ्या पुढील आयुष्यास शुभेच्छा.

मी वैशालीला फोन करून ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुसरीकडं कुठं छापतील तिथं लिहा. माझं नाव बदलू नका. पूर्ण लिहा."

म्हणून लिहितो. त्या अहवालातलं 'हाताळणीतील चुकीमुळे नमुना बदलला गेला' हे वाक्य खोटं आहे. नमुना बदलला गेला नव्हता. तो कोराच होता, आणि त्यावर खूण बरोबर केलेली होती. त्यातले बुडबुडे आर्गॉनचे होते आणि ते मी केले होते. हे वैशाली पगारे यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.